सुटावरची सूट

टेपताईच्या नवऱ्याची कंबर लग्नात चौतीस इंच होती, आणि नंतरच्या सव्वीस वर्षांत ती एका सुतानेही वाढलेली नाही, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. पँटी मात्र लहान होत गेल्या होत्या. त्याला तो काय करणार? हल्लीचं कापड आटतं, धुण्याच्या पावडरी भिकार, आणि शिवणारीचं कामात लक्ष नाही. यातलं शेवटचं कारण तो जरा हळू आवाजात सांगे, कारण शिवणारी घरातच होती.

टेपताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मोठ्या खिडकीपाशी मशीन मांडून ती वीस वर्षं लोकांचे कपडे उसवत, बेतत आणि अंगाबरोबर करून देत आली होती. गळ्यातला टेप झोपतानाच काय तो उतरे, म्हणून गल्लीने तिला हे नाव ठेवलं. नवं शिवून घेणारे आता फार थोडे. बहुतेक जण दुकानातून तयार कपडा आणत आणि म्हणत, "जरा फिट करून द्या, परवा मुलाखत आहे."

या मुलाखतवाल्यांची तिला गंमत वाटे. टेप कमरेला लागला रे लागला की भलेभले श्वास रोखून छताकडे बघत उभे राहत. टेपताई घाई करत नसे. "घरी कसे आहेत सगळे?" ती सहज विचारी. उत्तर द्यायचं तर श्वास सोडावाच लागतो. पोट मूळ जागेवर आलं की ती आकडा टिपून घेई. वहीत खरा आकडा लिहायचा आणि तोंडाने गिऱ्हाइकाला आवडेल तो बोलायचा, या तिच्या पद्धतीमुळे पुष्कळांना नोकऱ्या लागल्या होत्या. निदान त्यांच्या पँटी तरी मुलाखतीत फाटल्या नव्हत्या.

नवऱ्याचं तसं नव्हतं. तो वहीतला आकडा डोकावून बघायचा आणि भांडायचा.

त्याला सवलतराव हे नाव मेहुणीने, म्हणजे टेपताईच्या धाकट्या बहिणीने दिलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की सवलतरावांचे पाय आपोआप तिकडे वळत. घरात सात छत्र्या होत्या आणि माणसं दोन. नऊ नंबरचे बुटांचे दोन जोड होते आणि सवलतरावांचा पाय सातचा. "जाड मोजे घालीन," असं तो पाच वर्षं म्हणत होता. त्या मापाचे जाड मोजे अजून कुठल्या सेलमध्ये लागले नव्हते.

असा माणूस चोवीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात होता. आता नव्हता. कागदोपत्री कारण मनुष्यबळ कपात असं होतं. पण त्याच्या आदल्याच महिन्यात त्याने कामगारांसाठी चारशे हातमोजे पाव किमतीत उचलले होते, आणि ते सगळे डाव्या हाताचे निघाले होते. उजव्या हाताचा माल येईपर्यंत थोडं थांबू या, असं त्याने वरिष्ठांना सुचवलं. वरिष्ठ थांबले नाहीत.

त्यानंतर आठ महिने सवलतराव घरी होते. मग एका मोठ्या कंपनीकडून बोलावणं आलं. कार्यालयं आणि दवाखाने साफ ठेवण्याची कंत्राटं घेणारी ती कंपनी होती, आणि तिला खरेदी अधिकारी हवा होता. मुलाखत गुरुवारी.

शनिवारी संध्याकाळी धाकटी आली. ती एका ऑफिसात माणसं नेमण्याच्या विभागातच कामाला होती, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा.

"भाऊजी, नीट ऐका. तुम्ही दारातून आत शिरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. कोटाचे खांदे बसलेले हवेत. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली पाहिजे. मोजे पँटच्या रंगाचे. अत्तर नको. आणि खिशात पेनांची रांग तर मुळीच नको."

"अर्ध्या मिनिटात निकाल लागतो, तर पुढचा अर्धा तास काय करतात?"

"पुढचा अर्धा तास कारणं शोधतात," धाकटी म्हणाली. "एक चांगला सूट घ्या. महाग नको, पण अंगाचा हवा. ताई मापं लिहून देईल."

ताईने टेप काढला. सवलतराव श्वास रोखून छताकडे बघू लागले.

"घरी कसे आहेत सगळे?" टेपताईने विचारलं.

"मी फसणार नाही," तो दात आवळून म्हणाला. पण तेवढं बोलायलाही वारा लागतोच. टेपताईने एकोणचाळीस लिहिले. छाती बेचाळीस, खांदा साडेसतरा. चिठ्ठी त्याच्या हातात देऊन तिने दोनदा बजावलं, "याच्या एक इंच इकडेतिकडे चालेल. मी निभावून नेईन. त्याहून जास्त नको."

रविवारी सवलतराव बाजारात गेले. चौकात एक कपड्यांचं दुकान होतं. 'दुकान बंद होत आहे, सर्व माल काढणे आहे' असा फलक त्याच्यावर सहा वर्षं होता, आणि दुकान मजेत चाललं होतं. दोन तासांनी ते परतले तेव्हा त्यांच्या हातात गादीची गुंडाळी असावी एवढी पिशवी होती आणि चेहरा उजळला होता.

"सुटावर सूट किती मिळाली असेल, सांग."

टेपताईने आधी सूट उघडला. काळसर करड्या रंगाचा, चांगल्या लोकरी कापडाचा, सुबक टाके घातलेला. कोट तिने हँगरला लावला तेव्हा खिडकीतला उजेड गेला. पँट टेबलावर पसरली तर दोन्ही बाजूंनी खाली लोंबली. तिने टेप लावला. कंबर अठ्ठेचाळीस. छाती बावन्न.

"अहो, हा कुणाचा आहे?"

"कुणी धिप्पाड माणसाने मापाने शिवून घेतला आणि न्यायला आलाच नाही. वारला असेल किंवा वाळला असेल. ऐंशी टक्के सूट! आणि कापड बघ ना. त्याच पैशात लहान मापाचा घेतला असता तर एवढं कापड मिळालं असतं का? दोन माणसं बसतील यात."

"मुलाखतीला एकच जाणार आहे ना?"

"तू आहेसच की कमी करायला."

सव्वीस वर्षांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा राग यायचाही आता कंटाळा आला होता. "परत देऊन या," ती म्हणाली. "विकलेला माल परत घेतला जात नाही," त्याने पावतीवरची ओळ अभिमानाने वाचून दाखवली, जणू ती सवलतच होती.

सोमवार ते बुधवार टेपताईने दुसरं काम हाती घेतलं नाही. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. तयार कपडा एखाद-दोन इंच कमी करणं म्हणजे केस कापण्यासारखं. नऊ-दहा इंच कमी करणं म्हणजे हाडं मोडून पुन्हा बसवणं. तिने कोटाच्या बाह्या उसवून काढल्या, खांदे कापले, अस्तर सोडवून नव्याने बेतलं, बाह्या पुन्हा चढवल्या. प्रत्येक शिवणीत आत थोडं जास्तीचं कापड राखावं लागतं. तिच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. इतर गिऱ्हाइकांना ती अर्ध्या इंचाची माया सोडी. नवऱ्याच्या सुटात मात्र मायेला बसायलाच जागा उरली नाही, म्हणून तिलाही कात्री लावावी लागली.

कोट जमला. कोट इतका जमला की ती स्वतःशीच गालात हसली. पँटने मात्र दगा दिला. कंबर नऊ इंचांनी आत घेतली की मागचे खिसे कुठे जाणार? ते एकमेकांच्या दिशेने सरकत सरकत आले आणि बरोबर मध्यावर, माणूस ज्याच्यावर बसतो तिथे, शेजारी शेजारी चिकटून बसले. खिसे काढून बुजवायला आणखी दोन दिवस हवे होते, आणि मुलाखत उद्यावर आली होती.

"समोरून तुम्ही साहेब दिसता," बुधवारी संध्याकाळी तिने आरशासमोर त्याला उभं करून सांगितलं. खरंच दिसत होता. खांदे बसले होते, बाही मनगटाच्या हाडाशी थांबली होती. "पण कोट काढायचा नाही. उकडलं तरी नाही, आग लागली तरी नाही. आणि वाकायचं नाही; मागच्या शिवणीत कापडाचे चार थर आलेत."

"पेन खाली पडलं तर?"

"पडू द्या."

तरी तिला धीर धरवेना. गुरुवारी तीही बरोबर गेली, पर्समध्ये सुईदोरा घेऊन.

कंपनीची प्रतीक्षा खोली गार होती आणि तिथल्या खुर्च्या उमेदवारांनी फार वेळ बसू नये अशा बेताने निवडलेल्या होत्या. आणखी दोघं आली होती. एक पस्तिशीचा माणूस होता. त्याच्या कोटावर टेपताईची नजर गेली ती हलेना. खांद्याच्या शिवणीपासून खिशाच्या झाकणापर्यंत एकही सुरकुती नाही. ज्याने कुणी तो शिवला त्याचा हात धरून कौतुक करावं असं काम. दुसरी एक बाई होती, जाकिटाची उजवी बाही सारखी आत कोंबणारी. टेपताईला बाहीतून डोकावणारा दोरा दिसला. दोऱ्याला किमतीची चिठ्ठी होती.

"कापून देऊ?" तिने हळूच पर्स उघडत विचारलं.

"नको, नको!" बाई घाबरली. "नोकरी लागली नाही तर उद्या परत द्यायचंय."

"मग तो हात फार हलवू नका."

मुलाखतीची खोली काचेची होती. दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. आत तिघं बसले होते: मधे टायमध्ये मान अडकलेले साहेब, एका बाजूला चष्म्याच्या बाई, दुसऱ्या बाजूला सतत लिहिणारा एक किडकिडीत माणूस. सुरेख कोटवाला पंधरा मिनिटांत बाहेर आला. त्याने मागितलेला पगार आतल्यांना झेपला नसावा, कारण साहेब पाणी पीत होते. बाहीवाल्या बाईंना दहा मिनिटं पुरली. मग सवलतराव आत गेले.

पहिलं अर्धं मिनिट उत्तम गेलं. तिघांनीही मान वर करून पाहिलं. त्यानंतर मात्र सगळं उताराला लागलं. नवरा बोलत होता आणि चष्म्याच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. किडकिडीत माणसाने लिहिणं थांबवलं होतं. डाव्या हाताच्या हातमोज्यांचा विषय निघाला असावा, कारण साहेबांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

मग साहेबांनी सहज, निरोप द्यायच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून, त्याच्या कोटाकडे बोट दाखवलं.

नवऱ्याच्या पाठीतून वीज गेलेली टेपताईला काचेबाहेरूनही दिसली. तो पुढे सरकला. हाताची पाच बोटं पसरून त्यांतली एकच वर ठेवली. किंमत एक पंचमांश, असा त्याचा अर्थ. साहेबांच्या भुवया चढल्या. आणि पुढच्याच क्षणी त्याने कोट काढला.

टेपताई अर्धवट उठली.

कोट टेबलावरून फिरला. साहेबांनी अस्तर चाचपलं, किडकिडीत माणसाने कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, बाईंनी चष्मा वर करून टाके तपासले. बाईंनी काहीतरी विचारलं, आणि सवलतराव उत्साहाने उठून गर्रकन मागे वळले. त्यांनी पाठ तिघांकडे केली आणि दोन्ही तळहात कमरेखाली नेऊन ते जोडखिसे दाखवले. पँट मुळात कुठपर्यंत होती तेही हवेत दोन्ही हात पसरून दाखवलं. तिघं पोट धरधरून हसत होते. साहेबांनी डोळे पुसले आणि उठून त्याचा हात हातात घेतला.

टेपताई परत खाली बसली. तिचे कान तापले होते.

बाहेर येईपर्यंत सवलतराव जमिनीपासून वीतभर वर चालत होते. "लागली!" रस्त्यावर येताच ते म्हणाले. "कोटामुळे लागली. साहेब म्हणाले, असा माणूस आम्ही वर्षभर शोधतोय. माल पाव किमतीत आणतो आणि मजुरी शून्य."

"शून्य?"

"त्या बाईंनी विचारलं ना, एवढं कमी कोणी करून दिलं, किती घेतले? मी म्हटलं, काही नाही, घरचीच आहे."

तीन दिवस, परत पाठवलेली गिऱ्हाइकं, बोटाला टोचलेल्या सुया, हे सगळं त्या 'काही नाही'मध्ये बसलं होतं.

"आणि पगार?"

सवलतरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. पगार आधीच्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी होता.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"लगेच नाही. जरा आढेवेढे घेतले."

"काय आढेवेढे घेतले?"

"पाणी प्यायलो."

"अहो, भाजीवाल्याशी तुम्ही अर्धा तास घासाघीस करता!"

"ती विकत घेताना," तो कळवळून म्हणाला. "विकताना कधी करायची वेळच आली नाही. ते म्हणाले, वय बावन्न, आठ महिने घरी बसलेले, बाहेर आणखी लोक आहेत. आता यावर काय बोलणार?"

"म्हणजे तुम्हाला सेलमधून उचललं," टेपताई म्हणाली. "जुना माल, पडून राहिलेला, चाळीस टक्के सूट."

हे जिव्हारी लागलं. बसमध्ये तो कडेच्या सीटवर खांदे बसलेल्या कोटात नीट ताठ बसून राहिला. तिला वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावेत एवढंही वाईट वाटलं नाही.

नोकरी सुरू झाली. सवलतराव सकाळी वेळेवर जात आणि संध्याकाळी साहेबांचे किस्से घेऊन येत. फिनेल किती स्वस्तात मिळवलं, झाडूंचा कसा घाऊक सौदा केला, हे टेपताई मशीन चालवत ऐके. दोन महिने बरे गेले. मग कंपनीने ठरवलं की सगळ्या सफाई कामगारांना एकसारखा गणवेश द्यायचा, आणि खरेदी अर्थातच आपल्या हिऱ्याकडे आली.

एका शनिवारी दुपारी कंपनीची गाडी दारात थांबली. सवलतराव उतरले, मागोमाग चार गाठोडी उतरली. एकशे ऐंशी गणवेश. कुठल्याशा परदेशी पाठवायच्या मालातून रद्द झालेले, पाव किमतीत, आणि सगळेच्या सगळे एकाच मापाचे. ते माप कोणाचं होतं हे देव जाणे. आठवडाभर कामगारांनी ते घालून पाहिले होते. एकीची बाही फरशीच्या बादलीत बुडत होती. एकाचा पाय पँटच्या पायात अडकून तो तीन पायऱ्या घसरला होता. शेवटी सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की हे अंगाला बसेल असं करून द्यायचं कबूल करा, नाहीतर सोमवारपासून आम्ही घरच्या कपड्यांत येऊ.

"साहेब म्हणाले, तुमच्या घरी सोय आहेच," सवलतराव गाठोड्यांमागून म्हणाले. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

टेपताईने मशीन थांबवलं. "तुम्ही कंपनीकडून आलात ना?"

"म्हणजे... हो."

"मग बसा." तिने गिऱ्हाइकांच्या स्टुलाकडे बोट केलं. वीस वर्षांत त्या स्टुलावर तो कधी बसला नव्हता. टेकून बघतो तर एक पाय आखूड.

तिने वहीचं कोरं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. शर्टाचा दर, पँटचा दर. प्रत्येक कामगार स्वतः माप द्यायला येईल, कामाच्या वेळेत, त्याचा पगार न कापता. मुदत सहा आठवडे. निम्मे पैसे आधी. मग तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

सवलतरावांनी तो वाचला आणि ते नकळत धंद्याच्या सुरात गेले. "एकशे ऐंशी नग आहेत. घाऊक कामाला काही कमी?"

"नाही."

"पुढचं कामही तुम्हालाच देऊ." तो तिला तुम्ही म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं.

"पुढचं पुढे बघू."

"बाजारात निम्म्या दरात करून देतात."

"मग बाजारात न्या. गाडी दारातच आहे."

आता त्याच्याकडे एकच हुकमी डाव उरला. 'राहू द्या मग' म्हणत तो उठला, गाठोड्यांना वळसा घालून सावकाश दाराकडे निघाला. उंबरठ्यापाशी पोचेपर्यंत दुकानदार मागून हाक मारतो, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. उंबरठा आला. मागून मशीनचा आवाज सुरू झाला. तो पायरी उतरला, रस्त्यावर चार पावलं गेला, थांबला. शेजारचा न्हावी दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता.

अडचण अशी होती की तो याच घरात राहत होता.

पाच मिनिटांनी तो परत आला आणि स्टुलावर बसला. "साहेबांना फोन केला," तो म्हणाला. "आधी ओरडले. म्हणाले, घरची आहे ना? मी म्हटलं, घरची आहे, पण काम बाहेरचं आहे." हे वाक्य आपण खरंच बोललो याचं त्यालाच नवल वाटत होतं. "मग म्हणाले, सोमवारी माणसं उघडी फिरण्यापेक्षा द्या काय ते."

"मग सही करा."

"चहा तरी ठेव ना आधी."

"सही."

त्याने सही केली. चहा मग त्यानेच ठेवला.

सोमवारपासून दहा-दहा कामगार येऊ लागले. खोलीत जागा नव्हती म्हणून रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाई. टेपताईने शेजारच्या वहिनींना काजं-बटणं करायला बसवलं आणि त्यांनाही रोजचे रोख दिले. साडेपाच आठवड्यांत काम संपलं. कंपनीने उरलेले पैसे द्यायला खळखळ केली, तेव्हा शेवटचे वीस गणवेश तिने टेबलाखाली ठेवून घेतले. पैसे दुसऱ्याच दिवशी आले.

पुढच्या रविवारी धाकटी आली, तेव्हा सवलतराव तिला सगळी हकिगत सांगत होते. एवढी कसबी कारागीर एवढ्या दरात बाजारात शोधूनही मिळाली नसती, साहेबांनाही आपण ते कसं पटवून दिलं, वगैरे. दर ऐकून धाकटीने ताईकडे पाहिलं. तो बाजारापेक्षा पाव हिस्सा जास्त होता.

टेपताई सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "सांगू दे त्यांना," ती म्हणाली.